कधी, कुठे, कोण

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि समलिंगी व ट्रान्स व्यक्तींच्या इतिहासावरच्या तुमच्या प्रदर्शनाच्या चौदा फलकांचा मसुदा मिळाला, दोन्ही दोनदा वाचले. प्रदर्शन भरवावं की नाही, लोक काय म्हणतील, हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून धीर देण्यात शाई घालवत नाही. तुझी अडचण वेगळी आहे. एकाच घटनेच्या तीन-तीन तारखा सापडतात. समलिंगी संबंधांवर उगारलं गेलेलं भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ एका ठिकाणी २००९ मध्ये ‘रद्द’ झालेलं दिसतं, दुसऱ्या ठिकाणी २०१८ मध्ये, तिसरीकडे २०२४ मध्ये. गटातले मित्र म्हणतात, भावना पोचली म्हणजे झालं, तारखा कोण बघतंय. आणि आता तुलाही वाटू लागलंय की आपणच उगाच कीस पाडतोय.

उगाच नाही. भावनाच पोचवायची तर जिन्यात रंगीत पताका लावा, काम भागेल. तुम्ही भिंतीवर इतिहास लावताय. तेव्हा प्रत्येक फलकाला तीन प्रश्न विचार: कधी, कुठे, कोण. तिन्हींची उत्तरं मिळाली की चौथा: हे कुठल्या कागदावर आहे? चारातलं एक उत्तर जरी नसलं, तरी तो फलक लागत नाही, मग तो कितीही हृदयस्पर्शी असो.

पहिलाच फलक घे. तू लिहिलंस, ‘१८८४ : खैराती या तृतीयपंथी व्यक्तीला ३७७ खाली शिक्षा.’ हे अर्धंच आहे, आणि अर्धं म्हणून उलटं आहे. शिक्षा दिली ती मुरादाबादच्या सत्र न्यायालयाने. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती उठवली. का उठवली? आरोपात गुन्हा कधी घडला, कुठे घडला, कोणाबरोबर घडला, यातलं काहीच नव्हतं. बायकांचे कपडे घालून बायकांबरोबर गाते आणि वैद्यकीय तपासणीत अमुक खुणा दिसल्या, एवढ्यावर पोलिसांनी माणूस उभा केला होता. गंमत अशी की न्यायाधीशाला खैरातीबद्दल काडीची सहानुभूती नव्हती, पोलिसांच्या हेतूचं त्याने कौतुकच केलंय. तरी सोडावं लागलं. जे तीन प्रश्न तुला आज कंटाळवाणे वाटतात, त्यांची उत्तरं पोलिसांकडे नव्हती म्हणून एक माणूस १८८४ साली सुटला. निकालपत्र फार मोठं नाही, एका बैठकीत वाचून होतं. ते न वाचता लोक एकमेकांवरून उतरवत आले, आणि तूही उतरवलंस.

आणि ‘तृतीयपंथी’ हा शब्दही आपला, आजचा. निकालपत्रात जे वर्णन आहे ते लिही. आजचा शब्द वापरायचाच असेल तर ‘आज आपण ज्यांना म्हणू’ असं जोडून वापर. हिजडा, जोगता, कोथी आणि ट्रान्सजेंडर हे एकमेकांच्या जागी बसवायचे शब्द नव्हेत. जोगत्याच्या मागे यल्लमा आहे, हिजड्यांच्या मागे घराणं आणि गुरू-चेला परंपरा आहे. सगळ्यांना एकाच छत्रीखाली ढकललंस तर तुझ्याच प्रदर्शनाला आलेला जोगता स्वतःला शोधत बसेल.

आता ३७७. भारतीय दंड संहिता मंजूर झाली ६ ऑक्टोबर १८६० रोजी आणि लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, फक्त त्यांची क्रियापदं वेगळी. तुझ्या फलकावर ‘१८६२ मध्ये ब्रिटिशांनी कायदा केला’ आहे, तिथे ‘लागू केला’ कर. ‘मेकॉलेने ३७७ लिहिलं’ हेही तपासून घे. त्याच्या आयोगाचा मसुदा १८३७ चा, त्यातली संबंधित कलमं ३६१ आणि ३६२, आणि त्यांची भाषा शेवटी मंजूर झालेल्या कलमापेक्षा निराळी. संहिता मंजूर झाली तेव्हा मेकॉले हयातही नव्हता.

कलमाचा मजकूर एकदा डोळ्यांखालून घाल. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग, पुरुषाशी, स्त्रीशी किंवा प्राण्याशी. शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. त्यात ‘समलिंगी’ हा शब्द नाही. असणारच कसा? ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द कार्ल-मारिया केर्टबेनीने जर्मनमध्ये घडवला तो १८६८ मध्ये, आणि छापून आला १८६९ मध्ये. म्हणजे कलमाचं वय शब्दापेक्षा जास्त. कायद्याने एका कृतीला गुन्हा ठरवलं. त्या कृतीवरून माणसांचा एक अख्खा वर्ग संशयित ठरला, ते पोलीस, कोर्ट आणि समाज यांच्या हातून. हा फरक फलकावर दोन ओळींत मावतो. मावला नाही तर सजावटीतला गुलाब काढ.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याबद्दलही तू ‘हिजड्यांना गुन्हेगार जमात ठरवलं’ असं लिहिलंस. त्या कायद्याचे भाग वेगळे आहेत. जमातींचा एक आणि त्या कायद्याच्या भाषेत ज्यांना ‘युनक’ म्हटलंय त्यांचा दुसरा. दुसऱ्या भागात नोंदवही, मालमत्तेची माहिती, सार्वजनिक ठिकाणी बायकी वेशात दिसण्यावर आणि नाचगाण्यावर बंदी. तेव्हा ‘गुन्हेगार जमात कायद्यातल्या स्वतंत्र भागाखाली’ असं लिही. शब्द चार वाढतात, चूक एक कमी होते.

आता तुझ्या गोंधळाच्या मुळाशी येऊ. २००९, २०१३, २०१८, २०२४. चार वर्षांना तू एकच क्रियापद लावलंस, ‘रद्द’. तिथेच सगळं अडकलं.

नाझ फाउंडेशनची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात २००१ मध्ये दाखल झाली, क्रमांक ७४५५. एड्स प्रतिबंधाचं काम करणाऱ्यांना ३७७ चा धाक आड येतो, हा तिचा आधार. २००४ मध्ये न्यायालयाने ती गुणदोषात न शिरताच फेटाळली. ३ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रश्न महत्त्वाचा आहे, ऐका, म्हणून परत पाठवली. मग २ जुलै २००९, न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर. शहा मूळचे सोलापूरचे, हा मराठी दुवा हवा असेल तर खरा आहे, कोपऱ्यात टाक. निकालपत्र १०५ पानांचं, आणि त्यातला परिच्छेद १३२ तू स्वतः वाचायचा. तिथे म्हटलंय की सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या, खासगीतल्या कृतींना हे कलम जितपत गुन्हा ठरवतं तितपत ते संविधानाच्या २१, १४ आणि १५ या अनुच्छेदांचा भंग करतं. ‘तितपत’ हा शब्द मोलाचा आहे. कलम रद्द झालं नाही, त्याचा आवाका आखडला.

११ डिसेंबर २०१३, सुरेश कुमार कौशल विरुद्ध नाझ फाउंडेशन, न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. एस. जे. मुखोपाध्याय. उच्च न्यायालयाचा निकाल रद्द. बघ, ‘रद्द’ हे क्रियापद इथे बसतं. तेही निकालाला लागतं, कलमाला नाही. पुनर्विचार याचिका २८ जानेवारी २०१४ ला फेटाळल्या. क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विचारही फेटाळल्यावर उरणारा शेवटचा उपाय, २ फेब्रुवारी २०१६ ला पाच न्यायाधीशांकडे सोपवल्या. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, आणि त्यात कौशल निकालातल्या युक्तिवादाला सुरुंग लागला. ही पायरी तुझ्या मसुद्यात नाहीच. २०१३ वरून तू थेट २०१८ वर उडी मारलीस. वाचणाऱ्याला वाटेल, न्यायाधीश बदलले आणि मन बदललं. मधली पायरी दाखवल्याशिवाय पुढची कळत नाही.

६ सप्टेंबर २०१८, नवतेज सिंग जोहर विरुद्ध भारत सरकार. याचिका २०१६ ची, फौजदारी रिट क्रमांक ७६. याचिकाकर्ते पाच: नर्तक नवतेज जोहर, पत्रकार सुनील मेहरा, शेफ रितू डालमिया, हॉटेल व्यावसायिक अमन नाथ, आणि उद्योजक आयेशा कपूर. पुढे इतरही जोडले गेले. न्यायाधीश पाच, निकालपत्रं चार. सरन्यायाधीश दीपक मिश्रांनी स्वतःसाठी आणि न्या. अजय खानविलकरांसाठी मिळून एक लिहिलं, न्या. नरिमन, न्या. चंद्रचूड आणि न्या. इंदू मल्होत्रा यांनी एकेक. चारांचा निष्कर्ष एक, वाटा वेगळ्या. तू फलकावर टाकलेलं ‘इतिहासाने माफी मागायला हवी’ या आशयाचं वाक्य न्या. मल्होत्रांच्या निकालपत्रातलं आहे, सरन्यायाधीशांच्या नव्हे. दुरुस्त कर. आणि इथेही कलम उरलंच. संमतीशिवायच्या, अल्पवयीनांशी आणि प्राण्यांशी केलेल्या कृतींपुरतं ते जिवंत राहिलं.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७ ला समांतर कलमच ठेवलेलं नाही. म्हणजे आता खऱ्या अर्थाने वगळलं गेलं. यावर टाळ्या वाजवायच्या आधी थांब. सज्ञान पुरुषावर झालेल्या बलात्काराची तक्रार ज्या उरलेल्या तुकड्याखाली नोंदवता यायची, तो तुकडाही गेला, कारण बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून फक्त स्त्री आहे. ट्रान्स व्यक्तींपुढेही हाच पेच. तुझ्या फलकाचा शेवट ‘आणि अखेर मुक्ती’ असा आहे. तो खोड.

आवाका आखडला, निकाल फिरवला, पुन्हा आखडला, वगळलं. ही चार क्रियापदं चार तारखांना लाव, तुझा गोंधळ तिथेच संपेल. मित्रांचाही.

निकालपत्र वाचायची रीत सांगते, कारण चारशे पंचाण्णव पानं म्हटली की तुमची पिढी बातमीकडे पळते. (आमचीही पळायची. फक्त बातमी दुसऱ्या दिवशी यायची.) सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून खटला क्रमांकाने मूळ प्रत उतरव. आधी पहिलं पान: पीठात कोण, याचिकाकर्ते कोण, क्रमांक काय. मग थेट शेवट: प्रत्येक निकालपत्राच्या अखेरीस निष्कर्ष असतो, तो वाच. मग मोज, निकालपत्रं किती आणि कोण कोणाशी सहमत. एवढं झालं की मधलं वाच, नाहीतर हरवशील. परिच्छेदाचा क्रमांक टिपून घे, पानाचा नको. पानं छापणाऱ्यागणिक बदलतात, परिच्छेद बदलत नाहीत.

ही मोजणी चुकली की काय होतं ते तुझ्या बाराव्या फलकावर दिसतं. १७ ऑक्टोबर २०२३, सुप्रियो विरुद्ध भारत सरकार. तू लिहिलंस, ‘सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांचा एकत्र येण्याचा हक्क मान्य केला, पण विवाह नाकारला.’ हे तू सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या निकालपत्रातून घेतलंस, ते प्रतीत सर्वांत आधी येतं म्हणून. पण त्या मुद्द्यावर ते अल्पमतात होते! त्यांच्याबरोबर न्या. कौल. बहुमत न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह यांचं, तीन विरुद्ध दोन, आणि त्यांनी अशा नात्याला कायदेशीर मान्यता मिळण्याचा हक्क नाकारला. मुलं दत्तक घेण्याच्या मुद्द्यावरही तेच गणित. विवाहाचा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालय बदलणार नाही, यावर मात्र पाचही एक. आणखी एका गोष्टीवर पाचही एक होते आणि ती कोणीच सांगत नाही: भिन्नलिंगी नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींना सध्याच्याच कायद्यांखाली लग्न करता येतं. हे फलकावर हवंच. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या.

अल्पमत उद्धृत करायला माझी ना नाही. कधीकधी पुढच्या काळाचं बी तिथेच असतं. पण त्याच्या डोक्यावर ‘अल्पमत’ असं लिहायचं. न लिहिता वापरणं म्हणजे वाचणाऱ्याच्या खिशात खोटी नोट सरकवणं.

१५ एप्रिल २०१४ चा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल तू नीट लिहिलायस, एक जागा सोडून. ‘तृतीय लिंगाला मान्यता’ एवढंच नव्हतं ते. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्रींनी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला, मग ती पुरुष असो, स्त्री असो वा तृतीय लिंग, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालू नये असं म्हटलं. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात हस्तक्षेपक होत्या. तारखेकडे बघ: कौशल निकालानंतर जेमतेम चार महिने. एप्रिल २०१४ ते सप्टेंबर २०१८ या काळात ओळख मान्य आणि जवळीक गुन्हा, असा चमत्कार या देशात चालू होता. हे दोन फलक शेजारी लाव, वेगळं भाष्य करावं लागणार नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या फलकाखाली मात्र ‘अमुक तारखेपर्यंतची माहिती’ अशी ओळ टाक. कायदे बदलत राहतात, फलक भिंतीवरच राहतो.

परदेशी फलकांवर भरभर जाते.

स्टोनवॉल, न्यूयॉर्कमधला समलिंगींचा बार: पोलिसांचा छापा पडला तो शनिवार, २८ जून १९६९ च्या पहाटे, दीडच्या आसपास. ‘शुक्रवारची रात्र’ म्हणणारे २७ लिहितात, म्हणून तुला दोन तारखा दिसल्या. ‘मार्शा पी. जॉन्सनने पहिली वीट फेकली’ हे काढून टाक. ती पोचली तेव्हा दंगल आधीच सुरू झाली होती, हे तिने स्वतःच सांगितलंय. तिचं मोठेपण विटेवर उभं नाही. १९७० मध्ये सिल्व्हिया रिव्हेराबरोबर तिने बेघर ट्रान्स मुलांसाठी संस्था उभी केली, ते लिही. आणि स्टोनवॉलला ‘सुरुवात’ म्हणू नकोस. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉम्प्टन कॅफेटेरियातला उठाव ऑगस्ट १९६६ चा. कार्ल हाइनरिख उलरिक्स म्युनिकमध्ये समलिंगी संबंधांविरुद्धचे कायदे काढा म्हणायला भर सभेत कायदेपंडितांसमोर उभा राहिला तो २९ ऑगस्ट १८६७ रोजी, आणि त्याला ओरडून खाली बसवलं. जर्मन डॉक्टर मॅग्नस हिर्शफेल्डची समलिंगींच्या हक्कांसाठीची समिती १८९७ ची, त्याची बर्लिनमधली लैंगिकशास्त्राची संस्था १९१९ ची. १९३१ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी संस्था लुटली, पुस्तकं जाळली ती १० मे रोजी. छायाचित्राखाली ‘६ मे’ लिहिलंयस, चूक.

हार्वे मिल्क हा अमेरिकेत निवडून आलेला ‘पहिला’ उघड समलिंगी लोकप्रतिनिधी नव्हे. तो निवडून आला नोव्हेंबर १९७७ मध्ये. कॅथी कोझाचेंको ॲन आर्बरच्या नगर परिषदेवर एप्रिल १९७४ मध्येच आली होती, आणि इलेन नोबल त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात. ‘पहिला’ हा शब्द दिसला की हात आखडता घे. तो शब्द जवळजवळ नेहमी कुठल्यातरी बाईला खोडूनच येतो, असं माझं मत आहे. मी ते बदलणार नाही.

ट्युरिंग, समलिंगी संबंधांसाठी शिक्षा झालेला ब्रिटिश गणितज्ञ: शिक्षा ३१ मार्च १९५२, मृत्यू ७ जून १९५४, पंतप्रधानांची दिलगिरी सप्टेंबर २००९, राणीने दिलेली शिक्षामाफी डिसेंबर २०१३. शेवटची दोन वेगळी आहेत. तू एकत्र केलीस. त्याला शिक्षा झाली ती १८८५ च्या कायद्याच्या ११ व्या कलमाखाली, आणि १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला झाली तीही त्याच कलमाखाली. मध्ये सत्तावन्न वर्षं आणि दोन महायुद्धं. हे एक वाक्य फलकावर टाक. समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा १९६७ चा बदलही ‘ब्रिटनमध्ये’ नव्हे, इंग्लंड आणि वेल्समध्ये, एकवीस वर्षांवरच्या दोन पुरुषांपुरता, खासगीत. स्कॉटलंडला १९८० उजाडलं, उत्तर आयर्लंडला १९८२. सिंगापूरचं ‘३७७ अ’ हे १९३८ मध्ये जोडलेलं वेगळं कलम होतं. आपल्या ३७७ शी त्याची गल्लत करू नकोस.

मराठी म्हणून एक फलक र. धों. कर्व्यांना दिलास, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जुलै १९२७ ते १९५३. १९३४ चा खटला वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून होता, त्यात समलैंगिकतेबद्दलचे प्रश्नही होते, आणि कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. एवढं पक्कं आहे आणि एवढं पुरेसं आहे. ‘बाबासाहेबांनी समलैंगिकांसाठी खटला लढवला’ असं लिहू नकोस. खटला अश्लीलतेचा होता आणि मुद्दा होता विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर छापायचा. त्या खटल्यातली म्हणून जी घणाघाती वाक्यं मोबाइलवर फिरतात, त्यांना मूळ कागद दाखवता येत नसेल तर ती घेऊ नकोस. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडी आपण वाक्यं घालायची गरज नाही.

मुंबईचं बरोबर आहे: अशोक राव कवी, ‘बॉम्बे दोस्त’ १९९०, हमसफर ट्रस्ट १९९४. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट २००२. ‘बॉम्बे दोस्त’पुढचं ‘दक्षिण आशियाई समलिंगींचं पहिलं नियतकालिक’ काढ, कॅलिफोर्नियातलं ‘त्रिकोन’ १९८६ चं आहे. कोलकात्याची पदयात्रा २ जुलै १९९९, माणसं पंधरा. पंधरा! बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला नाझचा निकाल आला. त्याआधीही रस्त्यावर उतरलेले लोक होतेच: ११ ऑगस्ट १९९२, दिल्ली पोलीस मुख्यालयासमोर, एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाची निदर्शनं. तेव्हा कोलकात्याला ‘पहिली प्राइड पदयात्रा’ म्हण, ‘पहिला निषेध’ नव्हे.

माणसांबद्दल एक नियम, त्यात सवलत नाही. जिने किंवा ज्याने स्वतः, जाहीरपणे सांगितलंय, त्यांचंच नाव. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा कागद नव्हे. जुना राजा, संत, शाहीर यांना आजचं लेबल चिकटवायचं नाही, फार तर पत्रात किंवा पदात काय लिहिलंय ते द्यायचं. ट्रान्स व्यक्तीचं जुनं नाव कुठेही नको, बातमीच्या कात्रणातही नको, कात्रण त्या जागी झाक. पदयात्रेच्या छायाचित्रात मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे धूसर कर. छायाचित्रकाराची परवानगी म्हणजे त्या माणसाची परवानगी नव्हे.

तू विचारशील, आणि विचारायला हवंच, की ज्यांचा कागदच नाही त्यांचं काय? इथे माझं बोट दुखऱ्या जागी पडतं. कौशल निकालात म्हटलं गेलं की दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी लोकांवर खटले झाले. ते मोजले होते छापून आलेल्या निकालांवरून. पोलीस चौकीत घेतलेले पैसे, बागेतून उचलून नेऊन केलेली मारहाण, घरी सांगतो म्हणून दिलेली धमकी, यांचा निकाल छापला जात नाही. ज्याचा कागद नव्हता ते घडलंच नाही असं धरलं गेलं, आणि हक्क गेला. म्हणून तर प्रतिज्ञापत्रं महत्त्वाची ठरली. दिल्लीत ‘व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७’ या आघाडीने लोकांचे अनुभव शपथेवर न्यायालयापुढे ठेवले. लखनौत जुलै २००१ मध्ये एड्स प्रतिबंधाचं काम करताना पकडले गेलेले आरिफ जाफर ४७ दिवस तुरुंगात होते. २०१८ च्या खटल्यात ते स्वतः याचिकाकर्ते होते. सतरा वर्षं त्यांनी ते सोडलं नाही.

आमच्या पिढीने कागद जपले नाहीत. पत्रकं वाचून फाडली, पत्रं घरच्यांच्या हाती लागू नयेत म्हणून जाळली, बैठकांचे वृत्तान्त लिहिलेच नाहीत, लिहिले तर नावं टाकली नाहीत. भीती होती, आणि खरी होती. त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. पण परिणाम समोर आहे: आज तुला खैरातीची तारीख सापडते आणि १९८५ च्या पुण्यातली एकही सापडत नाही. मला लोक चिकट म्हणतात, तारखांची बाई म्हणतात. म्हणोत. जे हरवलं ते मला परत आणता येत नाही, निदान जे उरलंय ते चुकीचं लागू नये एवढं हातात आहे. म्हणून एक फलक रिकामा ठेव. वर लिही, ‘ज्यांचा कागद नाही’, खाली शाळेतल्यासारखी वही आणि पेन. कोणी लिहिलं तर तारीख आणि ठिकाण मागायचं, नाव ऐच्छिक. वही रोज संध्याकाळी घरी न्यायची.

आता काम. प्रत्येक फलकामागे एक पान ठेव: कधी, कुठे, कोण, कागद. मूळ कागद स्वतः पाहिला असेल तर हिरवी खूण, तळटीप देणाऱ्या चांगल्या पुस्तकातून घेतलं असेल तर पिवळी, नुसतंच इंटरनेटवर असेल तर लाल. लाल फलक लागत नाही. मजकूर नव्वद शब्दांवर जाऊ देऊ नकोस, तुझा सातवा दोनशे दहा शब्दांचा आहे, उभ्याने कोणी वाचणार नाही. ए-१ आकारावर मजकूर किमान २८ पॉइंट ठेव, ओळींत दीडपट अंतर दे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर. छापायला पीडीएफ दे, फाँट आत बसवून, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ‘न्यायालय’चं भलतंच काहीतरी होतं. अंक सगळीकडे देवनागरी. छापून आल्यावर फक्त अंकच एकदा मोठ्याने वाचायचे, एकाने फलकावरून, दुसऱ्याने पानावरून. १ आणि ९ ची गल्लत डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही.

बारावा फलक आधी दुरुस्त करून पाठव, बाकीचे मागून. रविवारपर्यंत पोचला तर सोमवारी उत्तर देते.

तुझी,
तारखांची बाई

ता. क. १९७८ च्या फलकावर गिल्बर्ट बेकरच्या इंद्रधनुषी ध्वजाचं चित्र सहा पट्ट्यांचं आहे. २५ जून १९७८ ला फडकला तो आठ पट्ट्यांचा होता, वर गर्द गुलाबी आणि मध्ये फिरोजी. सहा पट्ट्यांचा पुढच्या वर्षीचा. छापायला गेला असेल तर आजच फोन कर.